निळ्या घोड्याच्या पाठीमागे

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच झाकून ठेवला. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर दादा माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही, पत्राला बिचाऱ्याला मध्ये बोलता येत नाही. माझ्या शुद्धलेखनाला हसायचं तर पोटभर हस. सातवीत शाळा सोडली ती सोडली.

पाट्या रंगवणाऱ्या पाटीवाल्यांच्या संघटनेच्या प्रदर्शनात अण्णांचा निळा घोडा लागणार, इथपर्यंत वाचून छाती फुगली. अण्णांना जाऊन दीड वर्ष झालं, चौकातली त्यांनी रंगवलेली घोड्याची पाटीसुद्धा गंजून उतरवली. आता तिचा कागदावरचा नमुना तेवढा उरलाय. सेक्रेटरींनी दादाकडे तो मागितला हे बरोबरच झालं. पण पुढे काय लिहितेस, तर कागद गुंडाळून गुंडाळून वाकडा झालाय म्हणून दादा तो सरसानं हार्डबोर्डला चिकटवून फ्रेम करणार! ताई, त्या कागदाच्या मागे पेन्सिलचं चित्र आहे. लहानपणी आपण नळीतून काढून बघायचो, आठवतं का? दादाला ते कच्चं काम वाटतं. त्याला काय, तो डेपोत बसून गाड्या मोजतो. मी फ्रेमच्या दुकानात काम करतो, सरस म्हणजे काय ते मला विचार.

मागच्या महिन्यात आमच्याकडे एक बाई आल्या. त्यांच्या कागदावर एका बाजूला होडी, दुसऱ्या बाजूला त्यांच्या मुलीचा चेहरा. मालकांना होडी आवडली, म्हणून चेहरा फळीला चिकटवला. बाई न्यायला आल्या तर मालक म्हणतात, फ्रेमला तोंड एकच असतं. त्या बाई दुकानाच्या पायरीवर बसून नखानं फळी उकरत होत्या, ताई. वाळलेला सरस सुटत नाही, कागद फाटतो. मी मालकांना तोंडावर म्हटलं की हे चित्र तुम्ही मारलंत. आठवडाभर मला फक्त काचा पुसायला लावल्या. पुसल्या. पण बोललो त्याचा पस्तावा नाही.

आता तेच माझ्या घरात होणार आणि करणार कोण, तर माझा सख्खा भाऊ! दादाला सांग, कागदाला हात लावू नको. फ्रेम मी करून पाठवतो, दोन्हीकडून दिसेल अशी. मला फक्त माप कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस. आणि यातला राग जसाच्या तसा दादाला पोचव, पाणी घालू नकोस.

तुझा,
भिंगरी


११ जून

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राग पोचवला. दादा भाजी निवडत होता, निवडत राहिला. म्हणाला, याला आपण फ्रेमच्या दुकानात नोकरीला लावलं तेव्हा हाच हात जोडून नको म्हणत होता, आता आम्हालाच शिकवतो. पण तू समजतोस तेवढा दगड नाही तो. प्रदर्शन जुलैच्या शेवटच्या रविवारी आहे. हा महिना संपायच्या आत फ्रेम आली तर तुझी, नाहीतर सरस, असं त्यानं कबूल केलंय. माझ्यासमोर केलंय, म्हणजे फिरवणार नाही.

मी काल कागद पलंगावर पसरून चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि नीट बघितला. मागचं चित्र म्हणजे तूच आहेस रे! शिडीचा खालचा भाग, आणि तिच्या पायाला कमरेला दोरी बांधून बसवलेलं दोन वर्षांचं ध्यान. तू चालायला लागलास तेव्हापासून हातात राहायचा नाहीस, म्हणून अण्णा पाटी रंगवत असले की आई तुला शिडीला बांधायची. गालावर राग तोच, आज पत्रातून दिसतो तो. आईला म्हटलं, बघ गं तुझं वासरू. तिनं चष्मा पुसला, बघितलं, आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेली.

माप अण्णांच्या टेपनंच घेतलंय. लांबी वीस इंच, रुंदी पंधरा. दोन्ही चित्रं अगदी कडेला टेकलीत, तेव्हा कडा झाकू नकोस.

मी ठीक. टपाल कचेरीत नवा साहेब आलाय, शिक्क्याची शाई सुद्धा कुलपात ठेवतो. डबा झाकून ठेवत जाऊ नकोस, खात जा. आमची आठवण ठेव, म्हणजे आम्हाला मुद्दाम करून द्यायला नको.

ताई


१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फ्रेम आज पार्सलला टाकली. तुझ्याच खिडकीत येईल, तेव्हा त्या शाईवाल्या साहेबापासून जपून घे.

मालकांनी लाकूड दिलं नाहीच. वर सगळ्यांसमोर म्हणाले की हा आता भिंतीला पण दोन्हीकडून रंग मागेल. हसले सगळे. मला असला संताप आला की हातातली पटाशी खाली ठेवून बाहेर उभा राहिलो. मग आमचे म्हातारे कारागीर आले. त्यांना सगळे काका म्हणतात, चाळीस वर्षं फ्रेमा करतायत. त्यांनी तुकड्यांच्या पेटीतून सागाच्या पट्ट्या काढून दिल्या आणि म्हणाले, हसणाऱ्यांना दात असतात, हात नसतात. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत ही फ्रेम केली.

आता नीट वाच, जुळवायचं काम तुझं आहे. साध्या फ्रेमला काठ एकाच बाजूला असतो, मागून फळी ठोकतात. हिला फळी नाही. एक काच पुढे, एक मागे, आणि मागच्या काचेला वेगळी पट्टी, ती आठ स्क्रूंनी बसते. कागद काचेला टेकू द्यायचा नाही, दमट हवेत चिकटतो. म्हणून काचांच्या मध्ये कडेनं दोन पातळ पट्ट्या आहेत. कागदाच्या कडांना मी पाठवलेले पातळ कागदाचे कान पिठाच्या खळीनं लाव, आणि ते कान त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये धर. कागद आपोआप मधोमध उभा राहतो, कुठे शिवत नाही. उद्या कुणाला काढावासा वाटला तर कान भिजवले की सुटतात. ही खरी गोष्ट, सरस म्हणजे जन्मठेप. खालचे दोन पाय टेबलावर उभं करायला आहेत.

माप अण्णांच्या टेपनं घेतलंस हे कळवलंस ते फार बरं केलंस. त्या टेपचा पहिला इंच कधीच झडलाय हे इथे कुणाला माहीत! मी आठवणीनं लांबीतून आणि रुंदीतून एकेक इंच वजा केलाय. दादाला सांग, शाळा सोडली म्हणून गणित सोडलेलं नाही.

तुमचा हात डोक्यावर असू दे, टपली मारायला नव्हे.

भिंगरी


२८ जून

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

फ्रेम मिळाली. काम चांगलं आहे, हे आधी लिहितो, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. फ्रेम लांबीला आणि रुंदीला एकेक इंच लहान आहे. कागद बसत नाही.

ओरडू नकोस. मी मार्ग काढला आहे. कागदाची वरची कड इंचभर आणि उजवी कड इंचभर कापली की बसतो. घोड्याच्या डोक्यावर नुसतं आभाळ आहे आणि शेपटीच्या मागे नुसता रंग, त्यामुळे काही बिघडत नाही. मागच्या चित्रातही वर शिडीच आहे. रविवारी कापतो. तुझी मेहनत वाया जाऊ नये म्हणूनच करतोय, हे लक्षात घे.

पुढच्या वेळी माप दोनदा तपासत जा. तब्येतीला जप. इकडचा जीव तुझ्यात असतो, दिसत नसला तरी.

दादा


३० जून

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आणि घाईत.

दादाचं पत्र तुला मिळेलच. हे वाचेपर्यंत कागद तुझ्या हातात असेल. आज शनिवार, दादानं कात्री धार लावायला दिली होती. मी सकाळी कागद नळीत घातला, कचेरीत नेला आणि पहिल्या थैलीत टाकला. आपल्याच घरात चोरी केली, तीही सरकारी शिक्का मारून.

चूक तुझी एकट्याची नाही. मी तुला वीस बाय पंधरा लिहिलं ते इंच वजा करूनच लिहिलं होतं रे! त्या घरात वाढलेलं कोण वजा करणार नाही? तू पुन्हा केलास. अण्णा असते तर दोघांना एकाच टपलीत काढलं असतं.

दादा माझ्याशी बोलत नाही. दर पाच मिनिटांनी येऊन आपण बोलत नाही असं सांगून जातो. आईला सगळं सांगितलं तर ती फक्त एवढंच म्हणाली की बरं केलंस. मला जरा नवलच वाटलं. कागदाला ऊन लागू देऊ नकोस.

तुझीच,
ताई


६ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. खुर्ची घे.

कागद मिळाला. काकांच्या टेबलावर पसरला. वीस वर्षांपूर्वीचं माझंच तोंड मी बघत होतो, ते राहू दे. तू जी वरची कड कापणार होतास तिथे काय आहे ते तू बघितलंस का? नुसती शिडी आहे म्हणून लिहिलंस. शिडीवर दोन पाय आहेत, दादा! पोटरीपर्यंतच आहेत, कागद तिथे संपतो. एका पायावरची विजार दुमडलेली, दुसऱ्यावरची सोडलेली. अख्ख्या गावात एकाच पायाची विजार दुमडून शिडीवर कोण चढायचं? अण्णा. मग अण्णा शिडीवर उभे असताना खाली बसून चित्र काढत होतं कोण?

तू म्हणशील, चित्रकार माणूस, आपले पाय मनानं काढू शकतो. मलाही तसंच वाटलं होतं. काकांनी दिवा तिरका धरला. घोड्याच्या सावलीतल्या बारीक रेघा बघ म्हणाले, सगळ्या एका बाजूला झुकलेल्या. अण्णा डावखुरे. मग कागद उलटला. माझ्या सदऱ्यावरच्या रेघा बरोबर उलट्या झुकलेल्या. हे उजव्या हाताचं काम आहे. आपल्या घरात तेव्हा पेन्सिल धरू शकेल असं उजव्या हाताचं माणूस कोण होतं? ताई तुझ्याहून लहान, आणि तू सहा वर्षांचा होतास, तुला अजून माणसाला मान काढता येत नाही.

आणखी ऐक. घोड्याच्या पोटावर ज्या आडव्या फटी आहेत, त्या आपण रंग तडकलाय म्हणून सोडून दिल्या होत्या. ते तडे नाहीत. मागून पेन्सिल दाबून शिडी काढली, तिचे कंगोरे इकडे उठले आणि वरून फिरवलेला ब्रश त्यांच्यावरून उडाला. म्हणजे शिडी आधी, घोडा नंतर. आपण ज्याला मागची बाजू म्हणतो ती पुढची आहे. आईच्या चित्राच्या पाठीवर अण्णांनी घोडा काढलाय!

मला कुणाचा राग येतोय तेच कळत नाही. तुझा येतोय, कारण तू कात्री घेऊन बसला होतास. अण्णांचा येतोय. त्या घोड्यावर त्यांना चौकातलं काम मिळालं, मग गावभर मिळालं, लोक त्यांना घोडेवाले अण्णा म्हणायला लागले, आणि ज्या बाईचा कागद होता ती आत भांडी घासत होती. आईचा तर सगळ्यात जास्त येतोय. ताईनं तिला चित्र दाखवलं तेव्हा दूध उतू जात होतं काय? वीस वर्षं आपल्या घरात दूधच उतू जातंय!

कागद मी परत पाठवत नाही. बरोबर मापाची फ्रेम करून, त्यात कागद स्वतः बसवून, आठही स्क्रू स्वतः पिळून पाठवीन. प्रदर्शनात ती भिंतीला टेकवून ठेवायची नाही. हे पत्र आईला वाचून दाखव. सगळं. तिच्यावरचं सुद्धा.

रागावलास तरी चालेल, पण माझा राहा.

भिंगरी


१४ जुलै

चि. बाळ भिंगरीस,
आईचे खूप आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे, शेवटी नेहमी ताईला सांगते की माझे आशीर्वाद लिही. हे मी लिहिते आहे. दादानं तुझं पत्र वाचून दाखवलं. भांड्यांपाशी आल्यावर त्यानं पत्र माझ्या हातात दिलं, पुढचं मी वाचलं.

चित्र माझं आहे. तू फार ओरडतोस, म्हणून जसं झालं तसं सांगते. मला पेन्सिलचा नाद लग्नाआधीपासून. अण्णांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले होते, तुझी रेघ माझ्यापेक्षा सरळ आहे. जाड कागद घरात मोजका यायचा, त्यातला एक ते मला देत. त्या दिवशी त्यांना दुपारपर्यंत घोड्याचा नमुना द्यायचा होता. पहिल्या कागदावर तू रंगाची वाटी सांडलीस. हो, तूच, दोरी लांब होती. दुसरा कागद नव्हता. अण्णा नुसते बसून राहिले. मी माझा कागद उलटा करून त्यांच्यापुढे ठेवला. ते नको म्हणाले. मी म्हटलं, काढा, काम मिळालं की बघू. काम मिळालं. बघायचं राहून गेलं.

तेव्हा त्यांच्यावर रागावू नकोस. रागवायचं असेल तर मी रागावते, मला हक्क आहे. एकच राग आहे. त्यांनी तो कागद जपून ठेवला, पण कुणी आला की घोडाच दाखवायचे, आणि मी चहा ठेवायला उठायची. एकदा तरी उलटा करतील असं वाटायचं. मीही तोंडानं बोलले नाही. ताईनं पलंगावर पसरला तेव्हा वाटलं, बघू कोण विचारतंय. तुम्ही तिघांनी मला सोडून सगळ्यांना विचारलं. कात्रीला सुद्धा विचारलं.

पुढे चित्रं का काढली नाहीस, हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या डोक्यात आहे. त्या पावसाळ्यात तू दोरीची गाठ सोडायला शिकलास. मग माझे हात रिकामे कुठले?

स्क्रू फार आवळू नकोस, काच तडकते. सुखी राहा, आणि जरा बसत जा.

आई


२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

प्रदर्शन झालं. कसं झालं ते ताई तुला रंगवून लिहीलच, म्हणून आधी खरं मी लिहितो.

तुझी फ्रेम शुक्रवारी आली. मापाला केसाचा फरक नाही. आम्ही सकाळी हॉलवर नेली तर सेक्रेटरींनी टेबल भिंतीला लावून ठेवलेलं. घोडा समोर, आई भिंतीकडे. मी त्यांना समजावत होतो की ही फ्रेम दोन्हीकडून बघायची आहे. तेवढ्यात आईनं पदर खोचला, टेबलाचा पाय धरला आणि ते फरफटत हॉलच्या मधोमध आणलं. फरशीवर ओरखडा आहे, भरून द्यायला लागेल.

मग सेक्रेटरींनी दोन्ही बाजूंना अण्णांच्याच नावाची पट्टी लावली. मी सांगितलं, इकडचं चित्र आईचं आहे. ते म्हणाले की प्रदर्शन पाटीवाल्यांचं आहे, घरच्यांच्या हौसेचं नाही, आणि त्या बाजूला पट्टी नसली तरी चालेल. भिंगरी, तुला माहीत आहे मी चारचौघांत आवाज चढवत नाही. पण त्यांना म्हटलं की ज्या घोड्याच्या जिवावर तुम्ही आज पत्रिका छापलीत तो माझ्या आईच्या कागदावर उभा आहे, तिचं नाव लागत नसेल तर मी फ्रेम उचलतो, मग राहू द्या रिकामं टेबल. सगळा हॉल बघायला लागला. ताई म्हणते मी अगदी तुझ्यासारखा दिसत होतो. हे मला आवडलेलं नाही.

शेवटी ते कोरी पट्टी आणतो म्हणाले, लिहिणारा पोरगा जेवायला गेला होता. आईनं तिथल्याच एका पाटीवाल्याकडून ब्रश मागितला, टेबलावर वाकली आणि आपलं नाव लिहिलं. एका दमात, खाली आखणीची रेघ न मारता. सगळे जुने पाटीवाले मागे उभे राहून बघत होते. त्यातले एक म्हणाले की घोडेवाल्यांच्या पाट्यांवरची अक्षरं कुणाची होती ते आता कळलं. आई ब्रश पुसून परत देत होती. मी घरी येऊन विचारलं, या वेळी तिलाच विचारलं. म्हणाली, अर्धी.

दिवसभर लोक टेबलाभोवती फिरत होते. घोडा बघायला यायचे, वळसा घालून तुझ्यापाशी थांबायचे.

कात्रीचं मनावर घेऊ नकोस. त्या दिवसापासून मी ती हातात धरलेली नाही. तुझी पहिली फ्रेम, इंचभर लहान, कपाटावर रिकामी पडली आहे. आईनं काल ती पुसली आणि दोन्ही काचांतून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, याच्या मापाचा कागद भिंगरीकडे मिळतो का विचार, जाड, आणि त्यालाच घेऊन यायला सांग, तासभर बसायच्या बोलीवर.

घर तुझं आहे, ये.

दादा


९ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

कागद घेतला. एकोणीस बाय चौदा, दुकानाच्या टेपनं, वजाबाकी न करता. काकांनी दोनदा मोजला. दोन्ही बाजू कोऱ्या आहेत, दोन्ही तुझ्या. मालकांना रजा मागितली तर म्हणाले कशासाठी. बसण्यासाठी म्हटलं. त्यांना पटलं नाही, पण दिली.

मला अजून राग आहे, आई. तो असा पत्रात मावणारा नाही, समोर येऊन करीन.

सतरा तारखेला सकाळी पोचतो. दोरी काढून ठेव.

तुझा,
भिंगरी